पिठा-रव्यातली जाळी आणि घरभर उडणारी पाखरं: मुळापासून बंदोबस्त कसा करायचा

स्वयंपाकघरात दिव्याभोवती करड्या-तपकिरी रंगाची पाखरं भिरभिरायला लागली की पहिला हात झाडूकडे किंवा फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. तिथेच गणित चुकतं. उडणारा पतंग तुमचं धान्य खात नाही. आठवडा-दोन आठवडे जगून तो मरतो. खाते ती अळी, आणि ती एखाद्या डब्यात, पुडीत नाहीतर विसरलेल्या पिशवीत निवांत असते. ती जागा सापडेपर्यंत रोज दहा पतंग मारले तरी फरक पडत नाही. जागा सापडून सगळं फेकून दिलं तरी भिंतीच्या कोपऱ्यातल्या कोषांतून पुढचे दोन-तीन आठवडे पतंग निघत राहतात, आणि लोक कंटाळून हात टेकतात ते नेमके इथे. खालच्या क्रमाने काम केलं तर दीड-दोन महिन्यांत घर मोकळं होतं.

१. आधी कीड ओळखा

आपल्याकडे घरात मुख्यतः चार पतंग सापडतात.

तांदळातला पतंग, म्हणजे कॉर्सिरा: अंगभर एकसारखा राखाडी-तपकिरी, पंखांवर ठळक खूण नाही. रवा, तांदूळ, ज्वारी-बाजरीचा भरडा, शेंगदाणे, तीळ यांत दाट, चिवट जाळी करतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हाच असतो.

प्लोडिया: बसलेला असताना साधारण १ सेंटिमीटर. पंखांचा डोक्याकडचा भाग फिकट, मागचा तांबूस-तपकिरी, त्यामुळे दोन रंगांचा दिसतो. सुकामेवा, पीठ, बिस्किटं, चॉकलेट, कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं, काहीही चालतं.

बदामावरचा पतंग: करडा, अस्पष्ट पट्ट्यांचा. खारीक, अंजीर, मनुका, काजू-बदाम.

धान्यातला सोनेरी पतंग, सिटोट्रोगा: लहान, गवती पिवळा, पंखांना मागे झालर. याची अळी अख्ख्या दाण्याच्या आत वाढते. गव्हाच्या, मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाण्याला गोल भोक दिसलं आणि जाळी मात्र नसली, तर संशय यावर घ्या. भोकाबरोबर सोंडेचा काळपट किडा दिसला तर तो सोंड्या. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

गफलत होते ती आणखी एका किड्याशी. बाथरूमच्या किंवा बेडरूमच्या भिंतीवर राखाडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती अशी पिशवी सरकताना दिसते आणि तिच्यातून बारीक डोकं बाहेर येतं. ती अळी कोळ्यांची जाळी, केस, लोकर यांवर जगते. तिच्यासाठी डबे उपसू नका, भिंती झाडा.

जाळी ओळखायची खूण सोपी आहे. रव्याची चिमूट वर उचला. चांगला रवा बोटांतून सुटा गळतो; जाळी लागलेल्या रव्याचे कण एकमेकांना चिकटून धाग्याला लटकत वर येतात. पीठ असेल तर वरचा थर चमच्याने सपाट करून डबा तासभर तसाच ठेवा. अळ्या असतील तर पृष्ठभागावर नागमोडी रेघा उमटतात.

२. लागणाऱ्या वस्तू

- जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या (टाकायच्या मालासाठी) आणि झिपच्या पिशव्या (वाचवायच्या मालासाठी)
- टॉर्च, टूथपिक, जुना टूथब्रश, पातळ सुरी
- चिंचोळ्या तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर. नसेल तर रंगाचा कोरडा ब्रश आणि चिकटपट्टी
- साबणाचं पाणी, कोरडी फडकी
- भेगा बुजवायला सिलिकॉन सीलंट किंवा व्हाइट सिमेंट
- डब्यांवर तारीख लिहायला मार्कर
- फ्रीझरमध्ये मोकळी जागा (हे आधी करा, नाहीतर ऐन वेळी अडतं)

निम्मा दिवस मोकळा ठेवा. आज वरची फळी, पुढच्या रविवारी खालची, असं तुकड्यातुकड्याने केलं तर अळ्या एका फळीवरून दुसरीवर जातात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

३. मूळ जागा शोधा

रव्याच्या डब्यात जाळी दिसली म्हणजे शोध संपला असं नाही. तो दुसरा किंवा तिसरा डबा असू शकतो. सगळ्यात जास्त जाळी, विष्ठेचे बारीक कण आणि रिकामे कोष जिथे असतील ती मूळ जागा.

रवा, बेसन, मैदा, भाजणी, पोहे, शेंगदाणे, सुकं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, गोडा मसाला हे तर बघालच. उपवासाच्या पिठांचा डबा नक्की उघडा: राजगिरा, शिंगाडा, भगर. वर्षातून चारदा निघणाऱ्या या पुड्या अर्ध्या उरतात आणि रबर लावून मागे ढकलल्या जातात. भगरीला किंवा तिच्या पिठाला जाळी, ओल वा कुबट वास असेल तर चाळून वापरण्याचा विचारही करू नका. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि बुरशीच्या विषाने माणसं आजारी पडतात.

मग त्या जागा, ज्या कुणाच्या लक्षातच येत नाहीत:

- देवघराचा खण. ओटीचे तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या, हळकुंडं, बदाम-खारका, पूजेच्या सप्तधान्याची पुडी. पिशवीत गाठ मारून ठेवलेली ओटी ही अनेक घरांत मूळ जागा निघते.
- धान्य चिकटवून केलेली तोरणं, रुखवतातल्या वस्तू, मुलांचे शाळेचे प्रकल्प.
- घरघंटी. दळणाच्या खोलीत, जाळीमागे आणि पिठाच्या कापडी पिशवीच्या शिवणीत पीठ साचतं.
- चाळण्या, सूप, पोळपाटाची खालची बाजू, मिक्सरच्या झाकणाचं रबर.
- पक्ष्यांसाठी आणलेली बाजरी, कुत्र्याच्या खाण्याची उघडी पिशवी.
- प्रवासाच्या बॅगेत राहिलेला चिवडा, लाडू, सुक्यामेव्याची भेटपेटी.

सीलबंद पाकीटही सोडू नका. या अळ्या पातळ प्लॅस्टिक आणि पुठ्ठा कुरतडतात. पाकीट उजेडासमोर धरलं की टाचणीएवढं भोक दिसतं. सीलच्या घडीत टॉर्च मारा. पांढरा धागा दिसला की ते पाकीट गेलं.

४. काय टाकायचं, काय ठेवायचं

तीन ढीग करा.

टाका: जाळी, अळ्या किंवा कुबट वास असलेलं पीठ, रवा, बेसन, मसाला, सुकामेवा. चाळून अळ्या निघतात, पण विष्ठा, कात आणि धाग्यांचे तुकडे पिठात उरतात. अंडी बारीक रव्याच्या कणाएवढी असतात, ती चाळणीतून खाली जातात. चुकून एखादी अळी पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही. पण माहीत असताना तेच पीठ वापरणं योग्य नव्हे, दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घरी तर मुळीच नव्हे.

वाचवा: अख्खे गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी, ज्यांत एखाददुसरी अळी दिसली किंवा जे किडलेल्या डब्याच्या शेजारी होते. हे निवडून, चाळून पुढच्या पायरीत घ्या.

निर्धास्त: मीठ, साखर, काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली असलेलं आणि डोळ्यांनी तपासलेलं सामान. साखरेत अळ्या वाढत नाहीत, पण कोष करायला डब्याच्या झाकणात जातात, म्हणून झाकण बघा.

टाकायचा माल जाड पिशवीत घालून गाठ मारा आणि त्याच दिवशी घराबाहेर काढा. तो गॅलरीत चिमण्या-कबुतरांना पसरू नका. अळ्या भिंतीवरून परत येतात. गावी कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे लगेच टाकलेला बरा.

५. वाचवलेल्या मालातली अंडी मारा

तीन मार्ग आहेत, पहिला सगळ्यात खात्रीचा.

*थंडी.* एकेक किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ४ दिवस ठेवा. पाच किलोची पिशवी तशीच कोंबली तर तिचा मधला भाग थंड व्हायलाच फार वेळ लागतो. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नसतो. तिथे ८-१० दिवस धरा. मध्ये लांब वेळ वीज गेली तर दिवस पहिल्यापासून मोजा. फ्रिजच्या खालच्या भागात अळ्या मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. पिशवी बाहेर काढल्यावर घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. थंड पिठाला दमट हवा लागली की पाणी सुटतं आणि अळ्यांच्या जागी बुरशी येते.

*भाजणं.* रवा, शेंगदाणे, पोहे, तीळ यांच्यासाठी. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, अर्धा किलोला ८-१० मिनिटं, सतत हलवत. सगळा माल हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे. ५५-६० अंशांपुढे अंडं, अळी, कोष यांपैकी कुठलीही अवस्था टिकत नाही. पूर्ण गार करूनच डब्यात भरा. मायक्रोवेव्हवर विसंबू नका, मधेमधे थंड जागा राहतात आणि अंडी वाचतात.

*ऊन.* आजीच्या काळापासून चालत आलेला उपाय, आणि खरोखर चांगला, पण अर्धवट केला तर उलटतो. धान्य काळ्या प्लॅस्टिकवर दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरा, अकरा ते चार कडक ऊन द्या, तासातासाने हलवा. उष्णता वाढली की अळ्या कडेला पळतात आणि प्लॅस्टिकखाली लपतात. म्हणून प्लॅस्टिक भिंतीपासून दूर टाका आणि त्याच्या कडा ब्रशने झाडत राहा. संध्याकाळ होण्याआधी उचला, कारण पतंग तिन्हीसांजेनंतर उडतात आणि अंडी घालतात. रात्रभर गच्चीत राहिलेलं धान्य नवी अंडी घेऊन खाली येतं. पिठासाठी ऊन उपयोगाचं नाही.

६. कपाट रिकामं करून भेगा साफ करा

पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडून वर चढते आणि आडोशाला कोष करते. त्यामुळे ती डब्यापासून चार-पाच मीटर लांब, छताच्या कोपऱ्यात, घड्याळामागे, पडद्याच्या दांडीत, ट्यूबलाइटच्या पट्टीतही सापडते. कपाटात टॉर्च घेऊन बघा: फळ्या वर-खाली करायच्या खिट्ट्यांची भोकं, बिजागऱ्या, ट्रॉलीच्या रुळांमागची जागा, फळीवर अंथरलेल्या कागदाची खालची बाजू. तो कागद फेकून द्या आणि नवा अंथरू नका. प्रत्येक भोकात टूथपिक फिरवा. पांढरट रेशमी पुरचुंडी बाहेर आली तर ती चिकटपट्टीवर घ्या आणि पट्टी दुमडून टाका.

त्यानंतर व्हॅक्यूम, मग साबणाच्या फडक्याने पुसणं, मग कोरडं करणं. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा, नाहीतर कीड यंत्रात वाढते. व्हिनेगरने वास जातो, अंडी मरत नाहीत; पुसायला वापरायचं असेल तर वापरा, औषध समजू नका. भेगांत पाणी ओतू नका, प्लायवूड फुगतं. सगळं सुकल्यावर नको असलेली भोकं आणि भिंतीजवळच्या फटी बुजवा.

डबे गरम साबणाच्या पाण्यात धुताना झाकणाची घडी, रबर आणि आटे ब्रशने घासा. बरणीच्या आट्यांतून अळी गोल गोल चढत आत जाते आणि कोषही बहुधा तिथेच असतो. डबा आतून चकचकीत आणि झाकणात कोष शाबूत, ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

७. सापळे: उपयोग किती, मर्यादा कुठे

गंधाचे चिकट सापळे आता ऑनलाइन मिळतात. त्यात मादीचा कृत्रिम गंध असतो, त्यामुळे फक्त नर अडकतात. त्यांचा उपयोग मुख्यतः नजर ठेवण्यासाठी, निर्मूलनासाठी नाही. एका स्वयंपाकघरात एक पुरे. तो उघड्या खिडकीजवळ लावू नका, बाहेरचे नर आत येतात.

विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा. बाजारातले बहुतेक सापळे प्लोडिया आणि बदामावरच्या पतंगासाठी बनवलेले असतात. तांदळातल्या पतंगाची गंधाची भाषा वेगळी आहे, तो या सापळ्याकडे फिरकत नाही. सोनेरी पतंगाचंही तेच. म्हणून एकसारखा राखाडी पतंग घरात उडतोय आणि सापळा कोरडा आहे, याचा अर्थ कीड गेली असा काढू नका. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांच्या घरात बहुधा प्लोडिया असतो, तिथे सापळे चांगलं काम करतात. जर्मनीत तर ट्रायकोग्रामा नावाच्या अतिसूक्ष्म गांधीलमाशीची कार्डं घरासाठी विकत मिळतात. ही माशी पतंगाच्या अंड्यांतच अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने कार्ड बदलत राहायचं असतं.

हीच माशी आपल्याकडे ऊस-कपाशीच्या शेतात सोडतात, आणि ती वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम तांदळातला पतंग पाळतात. त्याला खायला देतात ज्वारी-बाजरीचा भरडा आणि थोडा शेंगदाण्याचा कूट. घरासाठी यातून घ्यायचा धडा सरळ आहे: अख्ख्या दाण्यापेक्षा भरडलेला, फुटका, तेलकट माल या किडीला फार आवडतो. लापशी रवा, इडली रवा, तांदळाची कणी, दाण्याचा कूट हे सर्वांत आधी हवाबंद करा.

८. हे अजिबात करू नका

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद घरात तो जीव घेतो, झोपेत घेतो, आणि त्यावर उतारा नाही. कायद्यानेही या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. कुणी दुकानदार कागदात बांधून "दोन टाका, वर्षभर बघायला नको" म्हणाला तरी घेऊ नका. घरात आधीपासून असतील तर पाण्यात टाकू नका, पुडी उघडू नका, कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या माणसाला विचारा.

पाऱ्याच्या गोळ्या आणि डांबरगोळ्या अन्नाजवळ नकोत. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत कितीही जुनी असली तरी झुरळांना घालतात तेच हे विष आहे. पोहे, रवा, पीठ असल्या न धुता खायच्या मालात तर ती चिमूटभरही जाऊ देऊ नका. झुरळं-डासांचा फवारा धान्याच्या कपाटात मारू नका. भेगेतल्या कोषापर्यंत तो पोचत नाही, ताटापर्यंत मात्र पोचतो.

कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा घातल्याने आत असलेल्या अळ्या मरत नाहीत. घालायचाच असेल तर पाला सावलीत कुरकुरीत वाळलेला हवा. ओला पाला डब्यात ओल आणतो. एरंडेल चोळणं हा गहू-तुरीतल्या सोंड्या-भुंग्यांवरचा उपाय आहे, रव्यातल्या जाळीवर त्याचा भरवसा नाही.

९. सहा ते आठ आठवडे पाळत

मादी १०० ते ४०० अंडी घालते. मुंबई-कोकणातल्या उकाड्यात अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण ४ ते ६ आठवड्यांत पुरा होतो. थंडीत तो कित्येक महिने लांबतो. म्हणून:

पहिले तीन आठवडे तुरळक पतंग दिसतील. ते राहिलेल्या कोषांतले आहेत. दिसताक्षणी मारा, कारण प्रत्येक मादी नवा फेरा आहे, पण काम फसलं असं समजू नका. या काळात सगळं कोरडं सामान बंद बरण्यांत किंवा फ्रिजमध्ये राहू द्या. मादीला अंडी घालायला उघडी पुडी मिळता कामा नये.

आठवड्यातून एकदा झाकणं, छताचे कोपरे आणि खिट्ट्यांची भोकं टॉर्चने बघा. भिंतीवर चढणारी अळी दिसली तर ती कुठून आली ते उलट दिशेने शोधत जा.

सहा आठवड्यांनंतरही रोज पतंग दिसत असतील तर दुसरी मूळ जागा राहिली आहे. कपाट पुन्हा घासण्याऐवजी तिसऱ्या पायरीकडे जा. देवघर, माळा आणि घरघंटी पुन्हा बघा. जवळच धान्याचं दुकान किंवा गिरणी असेल तर खिडकीला बारीक जाळी बसवा.

१०. पुन्हा येऊ नये म्हणून

कीड घरात येते ती बहुतेक वेळा पिशवीतूनच. सुटा रवा, बेसन, दाणे, खोबरं आणलं की आधी ४ दिवस फ्रीझर, मग डबा. गावाकडून आलेली भाजणी, मेतकूट, खारीक-खोबरं यांनाही हाच नियम. परदेशी नेलेल्या बॅगेतलं सामान पोचल्यावर आधी फ्रीझरमध्ये जाऊ द्या.

दाबाच्या झाकणाचा स्टीलचा डबा हवाबंद नसतो. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम १ मिलिमीटरची असते, तिला ती फट पुष्कळ झाली. डबा पारखायचा असेल तर त्यात पेलाभर पाणी घालून झाकण लावा आणि सिंकवर उलटा धरा. पाणी ठिबकलं तर त्यात रवा नको, अख्ख्या डाळी ठेवा. रव्या-पिठाला सिलिकॉन रिंगच्या काचेच्या बरण्या घ्या. जुने डबेच वापरायचे असतील तर आत माल झिपच्या जाड पिशवीत ठेवा.

जुन्यावर नवं ओतू नका. डबा रिकामा करा, पुसा, भरा, मार्करने तारीख लिहा. रवा-बेसन महिन्याभराचंच आणा, पावसाळ्यात त्याहून कमी. घरघंटी प्रत्येक दळणानंतर ब्रशने झाडा, प्लग काढूनच. कापडी पिशवी आठवड्याला उलटी करून झटका.

वर्षाचे गहू-तांदूळ भरणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये कडक ऊन देऊन, सावलीत गार करून, त्याच संध्याकाळी कोठी भरावी. दाणा दातांखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं. कोठी काठोकाठ भरा, वर मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. झाकणाच्या कडेने जाड प्लॅस्टिक घालून बसवा आणि रोज लागणारं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढून ठेवा, म्हणजे मोठी कोठी पंधरवड्यातून एकदाच, तीही दिवसा उघडावी लागेल.